त्या आईला मी विचारलं नाही

मागच्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी सव्वापाचला, राहात्यातल्या एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात दोन बायकांवर अन्याय झाला. एक, ते पाळणाघर चालवणाऱ्या काकू. दुसरी, सव्वा वर्षाच्या एका मुलीची आई. ती तर तिथे हजरही नव्हती, शिर्डीच्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर म्हणून ड्युटीवर होती. अन्याय करणारी मी. माझ्या हातात मोबाईल होता आणि आपण बरोबर आहोत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

नावं कुणाचीच देणार नाही. ते शहाणपण मला उशिरा आलं, पण आलंय.

मी पत्रकं लिहिते. आमचा सात-आठ जणांचा गट आहे. शाळेत, वसतिगृहात, दवाखान्यात कुठे धर्माची सक्ती दिसली की आम्ही पत्रक काढतो, बसस्टँडवर वाटतो, मोबाईलवर फिरवतो. शिर्डी हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात हे काम करायचं म्हणजे रोज कुणाचं तरी ऐकून घ्यावं लागतं. गटातल्या एका दादाने मला पत्रक लिहायला शिकवलं. "पहिल्या ओळीत अन्याय कोणावर, कधी. शेवटच्या ओळीत मागणी. मधे रडायचं नाही." मी चांगली विद्यार्थिनी होते. मधे मी कधीच रडले नाही.

ताईची मुलगी अडीच वर्षांची. ताई बँकेत, भावोजी फिरतीवर, म्हणून पोरगी सकाळी नऊपासून काकूंकडे. मार्केट यार्डाच्या मागे तळमजल्यावरच्या तीन खोल्या, दारात चपलांचा ढीग, चौदा मुलं. एका रविवारी ही पोरगी आमच्या घरी फ्रिजसमोर हात जोडून, डोळे गच्च मिटून उभी राहिली. आत केळी होती.

"हे काय शिकवतात तिथे?" मी ताईला विचारलं.

"हात जोडायला शिकवतात. तू कधी जोडलेस?"

"तुला विचारलं होतं का त्यांनी?"

"विचारलं होतं की. मी म्हटलं, ती जेवत असेल तर काय वाट्टेल ते म्हणायला लावा. तुला घास भरवायला लागला ना तिला, तर तूही आरती म्हणशील."

ताई हसत होती. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले.

काकू पन्नाशीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. एका मुलाला पायावर झोपवत होत्या आणि दुसऱ्याचं नाक पुसत होत्या. जेवणाआधी श्लोक, गुरुवारी आरती, ज्याच्या घरचं चालतं त्याच्या कपाळाला अंगारा, हे सगळं त्यांनी लपवलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही मुलांना आरती करायला लावता."

"लावत न्हाई. मी करते, ती टाळ्या वाजवत्यात. तू ये गुरुवारी, बघ तुझ्यानं थांबत्यात का."

"पण आईबापांची इच्छा?"

त्यांनी हनुवटीने भिंतीकडे खुणावलं. तिथे मागच्या वर्षाचं कॅलेंडर उलटं टांगलेलं होतं. कोऱ्या पाठीवर बॉलपेनने एकेका मुलापुढे एकेक ओळ. कुणापुढे "अंडं नको." कुणापुढे "शनिवारी नखं काढायची नाहीत." एका ख्रिस्ती मुलापुढे "झोपताना कपाळावर क्रूस वेगळा नको, आई सकाळीच करून जाते, तो चालतो म्हणाली." आणि एका ओळीत: "कपाळाला काही नाही. प्रसाद नाही. आजोबा सांगून गेले."

हे शेवटचं घर महानुभाव पंथाचं. उपदेश घेतलेली माणसं. दुसऱ्या देवतेचा नैवेद्य घेत नाहीत, अंगारे-धुपारे, उतारे घरात चालत नाहीत. आमच्याकडे अशी घरं गावोगाव आहेत, त्यांचं ते निष्ठेने पाळतात, आणि इतर त्यांची थट्टाही करतात. मला ती ओळ वाचून आनंदच झाला. म्हटलं, बघा, विरोध आहे. "आजोबा सांगून गेले" हे चार हात लांबून वाचता येत होतं. मी वाचलं आणि त्याचा काहीही विचार केला नाही.

काकूंना मी म्हटलं, "नुसतं लिहून काय होतं? वळण तर सगळ्यांना तुमचंच लागतं. तुम्ही काही न म्हणता जेवायला वाढा."

"मला येतं ते मी म्हणते, बाई. पोरं त्याच्यानं बसत्यात. तुझ्याकडं दुसरं काय असंल तर दे, उद्यापासनं ते म्हणते."

माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. चौदा भुकेल्या मुलांना ताटापुढे कसं बसवायचं, हे आमच्या एकाही पत्रकात नाही. मी "विचार करा" असं काहीतरी बोलून निघाले. आणि एक सांगून ठेवते, माझा तो मुद्दा मी आजही सोडलेला नाही. खाजगी पाळणाघर म्हणजे कुणाचं देवघर नाही. मुद्दा बरोबर असताना माणूस किती वाईट वागू शकतो, ते मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या गुरुवारी ताईला बँकेत उशीर होणार होता. म्हणाली, तू आण पोरीला. मी लवकर पोचले. पुढच्या खोलीत मुलं खेळत होती, कोपऱ्यात मार्गशीर्षाचा घट मांडलेला होता, त्याला मी मनात नावं ठेवून झाले होते. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. काकू पाटावर बसल्या होत्या, मांडीवर ती सव्वा वर्षाची, आणि काकूंची मूठ तिच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरत होती. मुठीत मीठ, मोहरी, दोन सुक्या मिरच्या. गॅसवर तवा तापलेला. दृष्ट काढत होत्या. कॅलेंडरवर ज्या मुलीपुढे "कपाळाला काही नाही" लिहिलंय, तिचीच.

मी फोटो काढला. मुलीची पाठ माझ्याकडे होती. चेहरा येऊ द्यायचा नाही, एवढं भान मला होतं, आणि त्या भानाचा अभिमानही होता. अंगात तिच्या तपकिरी लोकरीचा स्वेटर होता, पाठीवर पांढरी बदकं विणलेली.

मिरच्या तव्यावर पडल्या, ठसका उठला, मी दार ढकलून आत गेले.

"काकू, हिच्या घरचं हे चालत नाही ना?"

त्या दचकल्या. माझ्या मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"न्हाई चालत."

"मग?"

त्यांनी गॅस बंद केला. पोरीचा घाम पुसला, स्वेटर खाली ओढला. मग म्हणाल्या, "मग काय. चुकलं म्हन माझं."

कबुली. मी भाचीला कडेवर घेतलं आणि निघाले. स्वेटर ओढता ओढता त्यांच्या मनात काय चाललं असेल, हा प्रश्न मला रिक्षात बसल्यावरही पडला नाही. रिक्षात मी मथळा ठरवत होते.

"पालकांच्या इच्छेची पायमल्ली." शुक्रवारी दुपारपर्यंत पत्रक छापून झालं होतं. वर फोटो, खाली मजकूर. काकूंचं नाव नव्हतं, पण "मार्केट यार्डामागील पाळणाघर" होतं, आणि तिथे एकच पाळणाघर आहे. त्यातलं एक वाक्य दादाने मोठ्याने वाचून दाखवलं होतं, फार आवडलं म्हणून: "या बाळाच्या आईची इच्छा काय होती, हे कोणी विचारलं?"

मी विचारलं नव्हतं. शिर्डीला जाणारी गाडी दर थोड्या वेळाने सुटते. मी तो दवाखाना बघितलेला होता. गेटवर उभी राहून तिला पाच मिनिटं भेटता आलं असतं. मी गेले नाही, कारण तिचं उत्तर मला माहीत होतं. ते मीच लिहिलं होतं.

शनिवारी त्या मुलीचे आजोबा आमच्या गटाची बैठक चालते तिथे आले. पांढरं धोतर, टोपी, हात जोडून "दंडवत प्रणाम" म्हणाले. फोटोतली बदकं आजीच्या हातची होती, तिने एका नजरेत ओळखली. आजोबा म्हणाले, "पोरी, आम्ही कुणाच्या देवाला वाईट म्हणत न्हाई. आमचं आम्हाला पाळू द्या, एवढंच म्हणणं. सांगून आलो हुतो त्या बाईला. तू डोळे उघडलेस." त्यांचं दुःख खरं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला.

दहा-बारा दिवसांनी ताईचा फोन आला. "घरी ये. तुला कुणीतरी भेटायला आलंय." तिचा आवाज ऐकून मी तशीच निघाले.

ताईच्या खुर्चीत एक माझ्याच वयाची बाई बसली होती. डोक्याला बांधलेला स्कार्फ तिने सोडलाही नव्हता. भाची तिच्या पायाशी बसून तिच्या पर्सची चेन ओढत होती आणि ती ओढू देत होती.

"पत्रक तुमीच लिव्हलं, व्हय ना?" ती म्हणाली. "लई छान लिव्हलंय. माझी इच्छा काय हुती, ते बी लिव्हलंय. वाचून मलाच कळलं."

ती त्या मुलीची आई होती.

"चार दिवस पोरगी दुधाला तोंड लावत नव्हती. औषध मीच दिलं, ताप मीच बघितला. डॉक्टर म्हनले, व्हायरल हाय, जाईल. मला बी म्हाईत हाय जाईल, माझं कामच ते. पन माझी आई असती ना, तर पुणतांब्यावरनं पहिल्या गाडीनं आली असती. मीठ-मोहरी ओवाळली असती, मला चार शिव्या दिल्या असत्या आणि दुपारच्या गाडीनं परत गेली असती. ती गेल्या वर्षी गेली. सासरी असलं करत न्हाईत. चांगली मानसं हायेत, मी त्यांना नावं ठेवत न्हाई, मी बी उपदेश घेतलाय. म्हनून काकूंना म्हटलं, एकदा करा, माझ्या आईवानी. आन् कुनाला सांगू नका."

"पण तुमचा त्याच्यावर विश्वास..." मी सुरू केलं. खरंच केलं. त्या क्षणीही.

"हाय का न्हाई, ते तुमाला कशाला सांगू? पुढच्या पत्रकात टाकायला?"

ताई उठून आत गेली. चहाचं भांडं उगाच दोनदा आपटल्याचा आवाज आला.

मग तिने बाकीचं सांगितलं, सुट्टी मागायला आल्यासारख्या कोरड्या आवाजात. आजोबा आमच्या बैठकीवरून परतले त्या संध्याकाळी गल्लीतली चार माणसं जमली. काकूंच्या दाराला कुलूप लावायचं ठरलं. सासरे निघाले. तेव्हा ही उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, त्यांची चूक न्हाई, मीच सांगितलं हुतं.

कुणी हात उगारला नाही. कुणी आवाजही चढवला नाही. सासूबाईंनी फक्त पोरगी तिच्या कडेवरून घेतली आणि म्हणाल्या, "हिला आता मीच बघते. तुझी ड्युटी बास झाली." नवरा म्हणाला, "बघू." दवाखान्याने आठवड्यात दुसरी सिस्टर घेतली.

"नोकरीचं एक वेळ जाऊ द्या," ती म्हणाली. "दुसरी बघंन, कवातरी. पन आता मी पोरीला घेऊन आतल्या खोलीत गेले ना, की सासूबाई काहीतरी काम काढून मागं येत्यात. मी तिला काय करते ते बघायला. माझ्याच पोरीला, माझ्या मांडीवर."

मी म्हटलं, "मी माफी मागते."

"मागा," ती म्हणाली. "मग?"

ताईने चहा आणून ठेवला. तिने चहा घेतला नाही. भाचीच्या हातातून पर्स हळूच सोडवली, तिचा गाल चिमटला आणि गेली.

आता जे लिहितेय ते लिहायला सगळ्यात जड जातंय. त्यानंतर तीन आठवडे मी काही केलं नाही. काही केलं नाही असंही नाही. त्या तीन आठवड्यांत नगरला, म्हणजे कागदोपत्री अहिल्यानगरला, आमच्यासारख्या गटांची एक बैठक झाली. तिथे पालकांच्या हक्कांसाठी आवाज उठवला म्हणून माझं कौतुक झालं. गुलाबाचं फूल, टाळ्या. मला सगळं माहीत होतं. उंबऱ्यात उभी राहिलेली ती मला दिसत होती. आणि मी माईकसमोर जाऊन तेच वाक्य पुन्हा म्हटलं: या बाळाच्या आईची इच्छा कोणी विचारली? टाळ्या पडल्या. परत येताना गाडीत मी ते फूल खिडकीतून टाकलं. मोठं शौर्य. फूल टाकलं की टाळ्या परत जात नाहीत.

दादाला मी म्हटलं, पत्रक मागे घेऊ या, खुलासा काढू.

"खुलासा काढला की सगळे म्हणतील, बघा, यांची सगळीच पत्रकं खोटी. एका बाईसाठी?"

"एका बाईसाठीच काढलं होतं ना?"

"ती उदाहरण होती गं."

मी भांडले नाही. कारण मीही तिला उदाहरणच केलं होतं. उदाहरण दवाखान्यात जात नाही, उदाहरणाची आई मरत नाही. "पालक" हा शब्द मी इतक्या पत्रकांत वापरला, पण त्या शब्दाच्या आत एक म्हातारे आजोबा असतात, एक "बघू" म्हणणारा बाप असतो आणि एक आई असते, आणि तिघांना एकाच वेळी तीन गोष्टी हव्या असतात, हे मला सव्वीस वर्षं कळलं नाही. काकूंना कळत होतं. त्यांनी एकाची इच्छा भिंतीवर लिहिली होती आणि दुसरीची पोटात ठेवली होती.

शेवटी मी त्यांच्याकडे गेले. दुपारची वेळ. चौदातली नऊ मुलं राहिली होती. देवाच्या फोटोला हार नव्हता, अंगाऱ्याची डबी दिसत नव्हती. काकू काही न बोलता ताटं वाढत होत्या. मुलं आपणहून हात जोडून बसली होती, कुणीतरी सुरुवात करील म्हणून. एकदोघांनी डोळे उघडून काकूंकडे बघितलं. त्या वाढत राहिल्या. मग पोरांनी एकेक करून हात सोडले आणि जेवायला लागली.

"मी काय म्हनत न्हाई आता," त्या म्हणाल्या. "तुझं काम झालं."

झालं होतं. मला पाहिजे होतं अगदी तसंच झालं होतं. मी दाराशी उभी होते आणि मला आत ये असं कुणी म्हणत नव्हतं.

"काकू, त्या दिवशी तुम्ही मला सांगितलं का नाही? आईनेच सांगितलंय, एवढं म्हणाला असतात..."

"तिनं कुनाला सांगू नका म्हटलं हुतं."

"पण तुमच्यावर आलं ना सगळं."

त्यांनी वाडगं खाली ठेवलं. "आन् तुला सांगितलं असतं, तर तू ते बी छापलं असतंस."

छापलं असतं. वेगळा मथळा दिला असता.

त्यांनी मला हाकललं नाही, बसही म्हटलं नाही. ताईची पोरगी मात्र अजून तिथेच जाते. ताईने तिला काढली नाही. मला एवढंच म्हणाली, "आणायला आता मीच जाईन."

हे छापायला देण्याआधी मी पुणतांब्याला गेले. ती आई चार दिवस माहेरी, भावाकडे आली होती. एकटी; मुलगी आजीकडे. मी वही तिच्या हातात दिली आणि म्हटलं, तुम्ही नको म्हणाल तर फाडून टाकते. तिने ओसरीवर बसून सगळं वाचलं, सावकाश, औषधाच्या चिठ्ठीवरचा डोस तपासावा तसं. एक परिच्छेद पूर्ण खोडला. तो इथे नाही, आणि त्यात काय होतं ते सांगणार नाही. दोन ठिकाणी "बिचारी" लिहिलं होतं, तेही खोडलं. बाकी ठेवलं.

मी विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे? मी काय करू?" इतके महिने तिच्यावर लिहिल्या-बोलल्यानंतर हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारत होते.

तिने विचार केला नाही. उत्तर तयारच होतं, विचारायचीच खोटी होती. "तो फोटो बंद करा. अजून फिरतोय. परवा माझ्या नणंदेला कोपरगावातनं कुनीतरी पाठवला, बघा कशी अंधश्रद्धा म्हनून. तो आला की घरात सगळं परत पयल्यापासनं. मी पोरीपाशी एकटी बसले की परत बघायला येत्यात. तो थांबला तर कदाचित इसरतील."

मी माझ्याकडून पुसला. गटाच्या पानावरून भांडून काढायला लावला. छापलेली शिल्लक पत्रकं जाळली. पण मी तो शेकडो माणसांच्या हातात दिलाय, आणि तिथून तो माझ्याने परत येत नाही. तो तुमच्याने येतो. एक काकणांचा हात, मिटलेली मूठ, तपकिरी स्वेटरवर पांढरी बदकं. राहाता, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर, कुठल्याही ग्रुपमध्ये तुम्हाला तो कुणी कधी पाठवला असेल, चांगल्या हेतूने तुम्हीही पुढे ढकलला असेल. तर हे पुस्तक खाली ठेवा, मोबाईल उघडा, तो शोधा आणि पुसा. ज्याला पाठवला त्याला फोन करून पुसायला लावा. ती कोण, हे त्याला सांगू नका, आणि मलाही विचारू नका.